वरच्याबाईंचा ऐच्छिक विषय

अर्जावर एकच चौकोन रिकामा होता, आणि त्या एका चौकोनापायी घरच्यांनी आणि कारखान्यातल्यांनी मिळून वरच्याबाईंचं डोकं पिकवलं होतं. बाकीचे रकाने त्यांनी एका दमात भरले होते. वय त्रेचाळीस. काम, क्रेन चालवणे. अनुभव, चौदा वर्षं. वर्ग, संध्याकाळचे. सक्तीच्या विषयांची नावं छापलेलीच होती, तिथं नुसत्या खुणा करायच्या होत्या. घोडं अडलं ते अगदी खाली, 'ऐच्छिक विषय, कोणताही एक' या ओळीशी. कॉलेजनं चौदा विषयांची यादी दिली होती आणि शनिवारी दुपारी बारापर्यंतची मुदत. तोवर कुठल्याही वर्गात जाऊन बसा, आवडला तर नाव लिहा, अशी मोकळीक होती. अशी मोकळीक मिळाली की एक हमखास होतं. ज्यांनी जन्मात स्वतःच्या मनानं काही निवडलेलं नसतं, ते सगळे सल्ला द्यायला हजर होतात.

वरच्याबाई हे नाव कारखान्यानं ठेवलेलं. लोखंडी गर्डर जोडणारी ती लांबलचक शेड, छपराखाली दोन रुळांवरून धावणारी क्रेन, आणि क्रेनच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन. सकाळी शिडी चढून बाई तिथं जाऊन बसायच्या त्या जेवणाच्या सुट्टीलाच खाली उतरायच्या. वीस टनांचा गर्डर त्या असा खाली टेकवायच्या, की जणू काठोकाठ भरलेला दुधाचा टोप शेगडीवरून उतरवतायत. नव्या माणसांना कुणीतरी वर बोट दाखवून सांगायचं, त्या बघा वरच्याबाई, आणि नवी माणसं मान वर करून बघत राहायची. बाईंना हे आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

वरच्याबाई आहेत म्हटल्यावर खालचं कुणीतरी हवंच. ते म्हणजे खालचे काका. जमिनीवर उभं राहून बाईंना इशारे देणं हे त्यांचं काम. शेडमध्ये एवढा दणदणाट, की तोंडानं बोलून उपयोग नाही. सगळा कारभार हातांचा. बोट वर करून हात छोटासा गोल फिरवला की उचला. बोट खाली करून फिरवला की उतरवा. तळहात जमिनीकडे करून हात आडवा हलवला की थांबा. चौदा वर्षं ही दोन माणसं रोज आठ-आठ तास एकमेकांशी बोलत होती, आणि तोंडानं दोघांत मिळून शंभर वाक्यंही झाली नसतील. काका तसेही घुमे. त्यांचा आवाज कसा आहे, हे बाईंना नीटसं आठवायचंही नाही.

आता एवढं सगळं छान चाललेलं असताना कॉलेज कशाला, तर बाईंना प्रशिक्षक व्हायचं होतं. नव्या क्रेनचालकांना शिकवायचं. ती जागा आता वर्षभरात रिकामी होणार होती, पदवीची अट होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. आणि अभ्यासात त्या कुणाला हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. अडचण निघाली ती भलतीच. मागच्याच आठवड्यात प्रशिक्षण विभागाच्या साहेबांनी त्यांना एक तास घेऊन बघायला सांगितलं. पाऊण तासाचा तास, समोर आठ नवशिके. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हुकाकडे बघायचं नाही. इशारा देणाऱ्याच्या हाताकडे बघायचं. झोका आला की घाई करायची नाही." मग थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "एवढंच." घड्याळात चार मिनिटं झाली होती. मागच्या रांगेला तर तेवढंही ऐकू गेलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. तास संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला सगळं येतं. पण ते वरच राहतं, खाली येत नाही. तीन महिन्यांनी आणखी एक तास देतो. आणि हो, तो ऐच्छिक विषय औद्योगिक सुरक्षाच घ्या. तो कागद हातात असला तर तुमचं नाव पुढे करायला मला तोंड राहील. दुसऱ्या शेडमधला एक जण आहे, त्याच्याकडे तो आहे."

बाईंना ते वाक्य लागलं. वरच राहतं, खाली येत नाही. चौदा वर्षांत त्यांनी वरून खाली आणलेली एक वस्तू कधी चुकली नव्हती.

घरी नणंदेनं साहेबांचीच री ओढली. ती एका मोठ्या ऑफिसात नोकरभरतीच्या खात्यात होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक माणसाकडे ती अर्ज म्हणूनच बघायची. "वहिनी, डोळे मिटून सुरक्षा घे," ती म्हणाली. "तुझ्या हातचा मळ आहे तो विषय. पैकीच्या पैकी मार्क पडतील."

"पडतील ना," बाई म्हणाल्या. "पण मग मी शिकीन काय?"

"शिकायचं कुठं आलंय यात? पदवी घ्यायचीय."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. बाईंनी त्याला विचारलं तर म्हणाला, "तुला जे हवं ते घे." नवऱ्यांची अशी काही उत्तरं असतात, ती दिल्यानं कुणाचंच काही बिघडत नाही आणि सुधारत तर मुळीच नाही.

पहिल्याप्रथम बाईंना घ्यायचा होता संभाषणाचा वर्ग. पण तो सोमवारी सकाळीच भरून गेला होता. बोलता न येणारी माणसं गावात बाईंना वाटलं त्याहून पुष्कळच निघाली. म्हणून मंगळवारी त्या निमूटपणे सुरक्षेच्या वर्गात जाऊन बसल्या.

शिकवणारा तरुण होता, तयारी करून आलेला, आणि पडद्यावर एकेक चित्र दाखवत होता. बाईंना सगळं येत होतं. तो प्रश्न विचारायच्या आधी त्यांच्या मनात उत्तर तयार असायचं. मग क्रेनचं चित्र आलं. हुकाला लटकलेली लोखंडी पेटी, आणि इशारा देणारा माणूस हात वर करून थेट त्या पेटीच्या खाली उभा. सर, तो माणूस तिथं उभा राहिला तर मरेल, हे वाक्य त्यांच्या मनात पूर्ण जुळलं, घशापर्यंत आलं, आणि तिथंच बसलं. समोर तीस डोकी. चित्र बदललं. तिसांपैकी निम्म्यांनी ते वहीत काढूनही घेतलं होतं.

जिना उतरताना त्यांना स्वतःची एवढी चीड आली, की दोन पायऱ्या चुकल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हातातलं गजराचं घड्याळ उघडून बसला होता. मग भिंग काढून म्हणाला, "हे बघ. याची वेळ बरोबर आहे. गजर तेवढा वाजत नाही. आता मी काट्यांना हात लावू का?"

"नाही."

"मग सुरक्षा कशाला शिकतेस? काटे बरोबरच आहेत तुझे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षांच्या संसारात तो असं कधीमधी बोलायचा, आणि त्यावर मग दोन-तीन वर्षं सहज निघायची.

गुरुवारी त्या हिशेबतपासणीच्या वर्गाला निघाल्या होत्या, तोही काही आवडीनं नाही, यादीत पुढचा होता म्हणून. वेळेआधी पोचल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लांब बोळातून जाताना एका बंद दाराशी थबकल्या. दार जाड होतं, आवाज अडवणारं, आणि त्याला छोटीशी काच होती. काचेपलीकडे एक बुटका, उतारवयाचा माणूस आणि त्याचे लांबच लांब हात. आवाज काहीच येत नव्हता. त्याचा उजवा हात हळूहळू वर चढत होता आणि डावा छातीसमोर पसरून स्थिर धरलेला. बाईंनी तो इशारा वाचला: उचला, पण सावकाश. मग हात खाली आला: उतरवा. मग मूठ मिटली: बस. हात इतके स्वच्छ होते की बाईंना हेवा वाटला. एवढं नीट इशारे देणारा माणूस त्यांनी खालच्या काकांशिवाय दुसरा पाहिला नव्हता. पण हा उचलत काय होता, ते मात्र दिसेना. ओझंच नव्हतं समोर.

त्यांनी दार ढकललं, आणि चोवीस माणसांचा आवाज अंगावर आला.

समूहगानाचा वर्ग होता. यादीत तेराव्या नंबरावर. बाईंनी तो वाचून सोडून दिला होता, कारण गाणं आणि त्यांचा संबंध नव्हता. शाळेत असताना प्रार्थनेला त्यांना नुसते ओठ हलवायला सांगितलेलं होतं. त्या लांब हातांच्या मास्तरांनी मानेनंच मागे बसायची खूण केली. बाई बसल्या. हिशेबतपासणी तिकडे एकटीच राहिली.

वर्गात सगळी कामाधंद्याची माणसं होती. कुणी परिचारिका, कुणी बेकरीवाला, एक निवृत्त पोस्टमन, पुढच्या रांगेत एक दाढीवाला प्लंबर. गात बरे होते, पण एकजात सगळ्यांची नाकं हातातल्या कागदात. मास्तर बिचारे हातांनी डोंगर उचलत होते आणि बघत कुणीच नव्हतं. वर्गात त्या हातांवर नजर लावून बसलेलं माणूस एकच, आणि ते गात नव्हतं.

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. क्रेनवरच्या माणसाला एक नियम हाडामांसात भिनवावा लागतो. उचला, उतरवा, डावीकडे, उजवीकडे, हे सगळे इशारे एकाच माणसाचे पाळायचे, ज्याला नेमलंय त्याचे. दुसरा कितीही मोठा साहेब हात हलवत असला तरी त्याच्याकडे बघायचंही नाही. पण 'थांबा' हा इशारा कुणाचाही पाळायचा. झाडूवाल्याचा, पाहुण्याचा, त्याच दिवशी कामाला लागलेल्याचा. का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं.

तर झालं असं, की प्लंबरचा कुणी मित्र दारातल्या काचेतून डोकावला, आणि प्लंबरनं त्याला, आत्ता नको रे, अशा अर्थानं तळहात खाली करून हात आडवा हलवला.

बाईंचा उजवा पाय दाणकन फरशीवर आदळला. केबिनमध्ये धोक्याची घंटा उजव्या पायाखाली असते. आणि फरशीला घंटा नसल्यामुळे की काय, जे तिथं वाजायचं ते बाईंच्या तोंडून वाजलं.

"थांबा."

चोवीस माणसं थांबली. मास्तरांचे हात हवेतच राहिले. त्या जाड दारातूनही आवाज गेला असावा, शेजारच्या वर्गातलं कुणीतरी येऊन बघून गेलं. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण त्याच क्षणी त्यांच्या मनात दुसरंही काही आलं, आणि ते आश्चर्य होतं. हा आवाज त्यांचा होता. एवढा मोठा, एवढा गोल, त्यांच्याकडे होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. रागावून नाही.

बाई उभ्या राहिल्या. आधी ततपप झालं. मग त्यांनी प्लंबरकडे हात केला, त्याची खूण करून दाखवली आणि ती कारखान्यात म्हणजे काय ते सांगितलं. लोक हसले. चांगलं हसले, कुचकं नाही. कुणीतरी विचारलं, मग उचला कसं म्हणायचं? बाईंनी दाखवलं. उतरवा? तेही दाखवलं. इशारा देणारा ओझ्याखाली का उभा राहत नाही, तेही सांगून टाकलं, मंगळवारचं घशात अडकलेलं होतं म्हणून. बोलणं संपवून खाली बसल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं झाली होती. चारांपेक्षा तीन जास्त, हे बाईंनी लगेच मोजलं.

"बघितलंत?" मास्तर वर्गाला म्हणाले. "या बाई आज पहिल्यांदाच आल्यात, पण हातवारे दिसले म्हणून यांनी सगळा वर्ग थांबवला. तुम्हाला मी पहिल्या दिवसापासून माझ्या हातांकडे बघा म्हणून सांगतोय."

वर्ग सुटल्यावर बाई मागे रेंगाळल्या. "मला गाता येत नाही," त्यांनी सरळ सांगून टाकलं. "मला तास घेता यायला हवा. इथं बोलायला शिकता येईल का?"

"बोलायला नाही शिकवत मी," मास्तर म्हणाले. "ऐकू जायला शिकवतो." मग त्यांनी सूर मिळवायचा एक छोटासा लोखंडी चिमटा खिशातून काढला, गुडघ्यावर आपटला आणि बाईंच्या कानाजवळ धरला. चिमटा एकाच सुरात गुणगुणत होता. बाईंनी लोखंड जन्मभर उचललं होतं, पण ते गातानाचं पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारी सकाळी नणंद मुद्दाम घरी आली. अर्जात विषयाच्या नावाखाली आणखी एक ओळ होती, 'हा विषय का निवडला?' आणि तिथं लिहायला म्हणून तिनं तीन वाक्यं तयार करून आणली होती. औद्योगिक सुरक्षेवर होती आणि फारच सुंदर होती. बाईंनी ती वाचली, घडी करून तिला परत दिली, आणि पेन उघडलं. चौकोनात लिहिलं, समूहगान. खालच्या ओळीत लिहिलं, 'माझा आवाज खाली पोचत नाही.'

"वहिनी, साहेबांना काय सांगशील?" नणंदेचे डोळे पांढरे झाले होते.

"जे लिहिलंय तेच."

"आणि जागा गेली तर?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. ती भीती त्यांना होतीच, चांगली मुठीएवढी होती. "गेली तर मला शिकवता येत नाही म्हणून गेलेली असेल," त्या म्हणाल्या. "कागद नाही म्हणून गेली असं मी तरी म्हणणार नाही." आणि बाराला दहा कमी असताना त्यांनी अर्ज खिडकीतून आत सरकवला.

साहेबांनी ऐकलं तेव्हा आधी त्यांना ही थट्टा वाटली. मग म्हणाले, तास द्यायचं कबूल केलंय तर देईन, पण आशा धरू नका. दुसऱ्या शेडमधल्याचं नाव त्यांनी फायलीत वर घेतलंय, हेही सांगितलं. कारखान्यात तर बातमी वाऱ्यासारखी गेली. जेवणाच्या सुट्टीत लोक त्यांना म्हणायचे, बाई, एखादं होऊन जाऊ द्या. बाई हसून सोडून द्यायच्या. फक्त खालचे काका थट्टेत नव्हते. ते आपले बाईंकडे बघायचे आणि डबा उघडायचे.

तीन महिन्यांत बाई काही गायिका झाल्या नाहीत. मागच्या रांगेत, परिचारिकेच्या शेजारी, खालच्या सुरात त्या उभ्या राहायच्या आणि निम्म्या वेळा बेसूर व्हायच्या. पण श्वास कुठं भरायचा ते त्यांना कळलं. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला धरून आवाज टाकायचा, हे कळलं. आणि चोवीस जणांसमोर चुकलं तरी जीव जात नाही, हेही कळलं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सकाळी केबिनमध्ये क्रेन सुरू करायच्या आधी त्या काचा बंद करून एक लांब सूर लावायच्या. खाली कुणाला काही ऐकू जायचं नाही. तोंड उघडलेलं तेवढं दिसायचं.

तासाचा दिवस आला. शेडला लागूनच असलेली प्रशिक्षणाची खोली, आठ नवशिके, मागे खुर्चीवर फाईल घेऊन साहेब. बाई फळ्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली. "क्रेनवर बसल्यावर पहिली गोष्ट." आणि त्यांना स्वतःलाच कळलं, की आवाज बारीक झालाय. फायलीकडे बघितलं होतं त्यांनी, तिथंच चुकलं होतं. मागच्या रांगेतली एक नवशिकी, खिडकीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, मान पुढे काढून ऐकायचा प्रयत्न करत होती. श्वास छातीतच अडकला. तीन महिने गेले वाया, असं मनात आलं. आता 'एवढंच' म्हणायचं आणि घरी जायचं.

मागचं दार हळूच उघडलं. खालचे काका आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांच्या जेवणाची वेळ होती. ते भिंतीला टेकून उभे राहिले, बाईंकडे बघितलं, आणि उजवा हात कोपरात वाकवून बोट वर केलं. हात छोटासा गोल फिरवला.

उचला.

चौदा वर्षांत तो हात दिसल्यावर बाईंनी विचार म्हणून केला नव्हता. आत्ताही केला नाही. श्वास पोटात गेला आणि आवाज उचलला गेला, सरळ, झोका न घेता. "पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, आणि खिडक्यांच्या काचांपर्यंत ते शब्द पोचले, "वर बसलेला माणूस एकटा नसतो."

मग काही अडलं नाही. त्यांनी फळ्यावर लटकलेली पेटी काढली, तिच्याखाली इशारा देणारा माणूस काढला आणि यात काय चुकलंय ते विचारलं. दोघांनी बरोबर सांगितलं. त्यांनी एका खुर्चीला दोरी बांधून दोघांना ओढायला लावली आणि तिसऱ्याला इशारे द्यायला. झोका म्हणजे काय हे सांगताना त्या स्वतःच अशा डुलल्या की सगळी खोली हसली. आणि मग थांबायचा नियम सांगितला. "हा इशारा कोण देऊ शकतं?"

"काका," एक जण म्हणाला.

"साहेब," दुसरा म्हणाला.

"कुणीही," बाई म्हणाल्या. "आज पहिला दिवस असला तरी. आणि समोर कुणीही असलं तरी त्यानं थांबायचं."

साहेबांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. त्यांनी फाईल मिटली, उठले आणि दोन रांगांमधून पुढे येत म्हणाले, "छान, बाई, छान. पुरे आता, आपण..."

खिडकीच्या कोपऱ्यातला हात वर आला. त्या अंग चोरून बसलेल्या मुलीचा. तळहात जमिनीकडे होता आणि तो आडवा हलत होता, अगदी शिकवला तसा. साहेबांचा एक पाय पुढे टाकलेला, तिथंच राहिला. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"अजून वीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "तास पाऊण तासाचा आहे, साहेब."

साहेब मागे गेले आणि बसले. मग ती वीस मिनिटं त्यांनी फाईल उघडलीच नाही, आणि तास संपल्यावर दाराशी जाताना फक्त एवढंच म्हणाले, की सोमवारी येऊन कागदपत्रं बघून घ्या, फाईलमधली नावं मी बदलतो. बाईंना आनंद एवढा झाला, की हातातला खडू मोडला.

खोली रिकामी व्हायला लागली. काका अजून भिंतीशीच होते. बाई त्यांच्यापाशी गेल्या. एवढ्या जवळून, एकाच पातळीवर, ते दोघं क्वचितच उभे राहिले असतील. काका त्यांच्यापेक्षा उंच होते, हे बाईंना आज कळलं.

"चांगला आहे की आवाज," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचा घोगरा होता, वापरात नसलेल्या दारासारखा. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पण मग आता वर कोण?"

बाईंना तो प्रश्न आतपर्यंत लागला. जागा मिळवायच्या नादात त्यांनी हे एक मनात आणलंच नव्हतं, की त्या खाली आल्या की काकांची वरची बाजू रिकामी होणार. चौदा वर्षं काकांनी मान वर केली की तिथं त्या होत्या. बाईंचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. ती मुलगी अजून तिथंच बसून वहीत काहीतरी लिहीत होती.

"ती," बाई म्हणाल्या. "वर्षभरात तयार करते मी. साहेबाला थांबवलं तिनं, बघितलंत ना."

काकांनी मुलीकडे नीट बघून घेतलं, तिचे हात, तिची मान. तिलाही ते जाणवलं असावं, तिनं वहीतून डोकं वर काढलं. काकांनी उजवा हात कोपरात वाकवला, बोट वर केलं आणि छोटासा गोल फिरवला.

मुलगी उठून उभी राहिली.